आभारात घेतलेले नाव

माघातल्या दुपारी भोपाळच्या कडेला, मिसरोदच्या आमच्या गच्चीवर भाजलेल्या ओल्या हरभऱ्याचा वास येतो. रस्त्यापलीकडे अजून थोडी शेते शिल्लक आहेत. तिथे कुणीतरी काटक्या पेटवून हरभऱ्याचे डहाळे भाजत असते आणि तो धुरकट, किंचित आंबूस वास उन्हाबरोबर हळूहळू वर चढत येतो. हल्ली त्या वासाने मला संताप येतो. बिचाऱ्या वासाचा त्यात काही दोष नाही. यंदा याच दिवसांत, याच गच्चीवर बसून अमिनाने मला दाऊदीबद्दल सांगितले आणि तेव्हापासून तो वास आणि ती हकिकत माझ्या मनात एकमेकांना चिकटून बसली आहेत.

अमिना आमची जुनी भाडेकरू. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशातून ती भोपाळला पत्रकारिता शिकायला आली आणि आमच्या वरच्या खोलीत राहिली. देशाचे नाव लिहीत नाही, तशी तिचीच सूचना आहे. माझ्या हातचा वरणभात खात आणि माझ्याशी निम्म्या हिंदीत, निम्म्या मराठीत वाद घालत तिने शिक्षण पुरे केले. कशावरही तिचा पहिला शब्द 'का?' असे. बस उशिरा का, सत्यनारायणाला शिराच का, मोठ्यांना उलट विचारायचे नाही म्हणजे का. मी वैतागून म्हणायची, अगं बाई, काही गोष्टी असतात म्हणून असतात. तिला ते कधी पटले नाही, आणि त्या न पटण्यावरच तिने पुढे आपले आयुष्य उभे केले.

मायदेशी परतल्यावर एका लहानशा वृत्तपत्रात ती रुजू झाली. सरकारी रुग्णालयांसाठी आलेली औषधे मागच्या दाराने विकली जातात आणि बाळंतिणींच्या वाट्याला मुदत संपलेल्या बाटल्या येतात, हे तिने आणि तिचा सहकारी छायाचित्रकार दाऊदी याने गावोगाव हिंडून उजेडात आणले. मग जे व्हायचे ते सगळे क्रमाने झाले. आधी जाहिराती आटल्या, मग छापखान्याला नोटिसा आल्या, मग चौकशीची बोलावणी, आणि एका सकाळी दाऊदीला न्याहारीवरून उठवून पोलिसांनी नेले. कुठे ठेवले आहे, कोणत्या आरोपाखाली, कुणी सांगत नाही. अमिना त्या वेळी एका परिषदेसाठी परदेशात होती, म्हणून वाचली. तिथून घरी जाण्याऐवजी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

'काकू, जिसका नाम कोई नहीं लेता ना, त्याला गायब करणं एकदम आसान असतं,' ती म्हणाली. त्यासाठीच तिची सारी धडपड होती. जिथे चार माणसे जमतील तिथे दाऊदीचे नाव घ्यायचे, एवढेच तिच्या हातात उरले होते. मी सरकारी कचेरीत हयात काढलेली बाई. मला ते लगेच उमगले. एखादी गोष्ट नाहीशी करायला तिथेही कुणाला खोटे बोलावे लागत नसे, सगळे मिळून गप्प बसले की काम होई.

म्हणून पिपलानीत भरणाऱ्या आमच्या मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेसाठी मी तिचे नाव सुचवले. ते हौसेने मंजूर झाले. आठवडाभरात मात्र कार्यवाह नाफडे घरी आले, सोफ्याच्या कडेवर बसले आणि चहाच्या कपाकडे पाहत म्हणाले, 'वहिनी, विषय जरा सौम्य करू. आफ्रिकेतील लोकजीवन आणि खाद्यसंस्कृती. आणि त्या माणसाचं नाव तेवढं नको. आपण नोकरीनिमित्त इथे आलेली माणसं, फालतूचा लफडा कशाला?'

मी विचारले, कुणाचा फोन आला होता? नाही. कुणी दटावले? छे. कुणी साधी नापसंती दाखवली? तेही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथे माणसांची तोंडे बंद करायला निदान पोलीस तरी लागतात, आमच्याकडे चहाचा एक कप पुरतो! आणि हे कुठे, तर या शहरात. धोक्याचे इशारे छापून आले असतानाही ज्यांनी ते वाचले नाहीत त्यांच्यापायी ज्या शहराने वायुगळतीच्या एका रात्रीत आपली माणसे गमावली, आणि ज्याची मुले अजून त्या रात्रीचा दम छातीत वागवतात, त्या शहरात.

मी व्याख्यानच रद्द करायला निघाले होते. अमिनानेच मला आवरले. 'तुम्हाला इथेच राहायचंय, काकू,' म्हणाली, आणि ठरल्याप्रमाणे मक्याच्या पिठाच्या उकडीबद्दल, केळीच्या पानांबद्दल, तिकडच्या लग्नातल्या गाण्यांबद्दल बोलली. लोक खूश झाले. बोलता बोलता एकदा ती मध्येच थांबली आणि पाणी प्यायली.

त्यानंतर आभार. ते दरवर्षी माझ्याकडेच असतात. आभारात कुणाचेही नाव राहता कामा नये, हा आमच्या मंडळाचा सर्वांत कडक नियम. एकदा सतरंज्या आणणाऱ्या गृहस्थांचे नाव राहिले, तर ते वर्षभर फुगून बसले होते. म्हणून मांडववाले, माइकवाले, फुलवाले, चहावाले असे एकेक नाव घ्यायचे आणि प्रत्येक नावावर सभागृहाने टाळ्या वाजवायच्या. त्या टाळ्यांत कुणाचे चित्त नसते, सगळ्यांचे नाक बटाटेवड्यांच्या वासाकडे लागलेले असते.

चहावाल्यांचे आभार मानून झाले आणि मी तशाच सुरात पुढे म्हणाले, 'आणि बाळंतिणींसाठी आपल्या वक्त्यांबरोबर ज्यांनी गावोगाव वणवण केली, त्याबद्दल ज्यांना त्यांच्या सरकारने घरातून उचलून अज्ञात ठिकाणी डांबले आहे, ते छायाचित्रकार दाऊदी यांचे मंडळ मनःपूर्वक आभारी आहे.'

टाळ्या पडल्या. भरघोस पडल्या. मग अर्थ पोहोचला तसतसे हात थांबत गेले; नाफड्यांचे तर हवेतच राहिले. मागे कुठेतरी दोघेतिघे मात्र वाजवतच होते, आणि ते समजून की सवयीने, हे मला अजूनही ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी आभार दुसऱ्या कुणाकडे द्यायचे ठरले आहे. ठरू दे.

अमिनाने ते सारे फोनवर टिपून दाऊदीच्या आईला पाठवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गच्चीवर आली. खाली हरभरा भाजत होता. त्या माऊलीने मुलाचे नाव आणि त्यावरच्या टाळ्या पुन्हा पुन्हा ऐकल्या होत्या म्हणे, आणि एवढेच विचारले होते, की इतक्या दूरची ही सगळी माणसे माझ्या मुलाला ओळखतात?

'काय लिहू, काकू?'

मी म्हणाले, लिही, ओळखतात. तिने लिहिले आणि पाठवून दिले. तेव्हापासून भाजीवालीपासून बँकेतल्या बाईपर्यंत मी भेटेल त्याला दाऊदीबद्दल सांगत सुटले आहे. लोक ऐकतात, मान हलवतात, काही वाट बदलतात. त्याच्या आईला दिलेले उत्तर अजून पुरते खरे झालेले नाही.