हौशाचं अंथरूण

सहादेवतात्यांना स्वतःच्या अंथरुणाची फिकीर कधीच नव्हती. उसाला पाणी द्यायला गेले की बांधावर टॉवेल टाकून झोपतील, लग्नाला गेले की मांडवातल्या सतरंजीवर घोरतील. पण गेल्या थंडीत याच माणसानं कुत्र्याच्या अंथरुणापायी अख्ख्या बेलापुरात स्वतःचं हसं करून घेतलं. मी त्यांची शेजारीण, त्यामुळे मला सगळं कुंपणावरून फुकटात बघायला मिळालं.

त्यांची सून आरती बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली. सव्वा महिन्यानं ती लेकीला घेऊन यायची होती आणि त्याआधी हौशानं घराबाहेर झोपायला शिकलं पाहिजे, असा तात्यांच्या बायकोनं, केशरकाकूंनी हुकूम सोडला. हौशा म्हणजे तात्यांचा कुत्रा. पिल्लू होता तेव्हापासून तात्यांच्या खाटेखाली झोपणारा, आता म्हातारा झालेला.

"त्याच्या पिसवा, त्याचं केस. आन् लेकरावर गुरगुरला म्हंजी?" काकू म्हणाल्या. "भाईर ऱ्हायला तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर आदिनाथ त्याला सुप्याला घिऊन जाईल."

आदिनाथ त्यांचा मुलगा, आरतीचा नवरा. तो सुप्याच्या एका कारखान्यात कामाला होता, आणि तिथल्या वॉचमनला कुत्रा हवाच होता.

तात्यांनी जुन्या दाराच्या फळ्यांचं अंगणात एक घर ठोकलं, वर पत्रा टाकला, आत पोतं अंथरलं. हौशा आत गेला, एक गिरकी घेतली आणि बाहेर येऊन उंबऱ्याशी कुईकुई करत बसला. वर्षानुवर्षं कडक जमिनीवर झोपून त्याची कोपरं सोललेली होती, त्याला मऊ अंथरूण हवं होतं. मग तात्या स्वतःच आत शिरले. अर्धे आत, पाय बाहेर.

"पोतं गार लागतंय," त्यांनी आतूनच निकाल दिला.

मग उसाचं पाचट आणलं. ते उबदार होतं, पण तात्या बाहेर आले ते मानेवर ओरखडे घेऊन. मग श्रीरामपूरहून फोमची गादी आणली. तिच्यावर तात्या खूश झाले, पण हौशानं सकाळपर्यंत तिचे तुकडे अंगणभर केले. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "तात्या, काकूंनी काढलं का भाईर?" मलाही हसू यायचं. पण आरती यायला चारच दिवस उरले होते, आणि तात्या सुप्याचं नावही काढत नव्हते. ते पाहून मला फार वाईट वाटायचं.

त्या दुपारी काकू बाजाराला गेल्या होत्या. पडवीत एक गाठोडं होतं. चिंध्या असतील असं समजून तात्यांनी त्यातली वरची घडी काढली, पाचटावर पसरली आणि नेहमीसारखे परीक्षा घ्यायला आत शिरले.

काकू परतल्या तेव्हा कुत्र्याच्या घरातून दोन पाय बाहेर आलेले होते. आत तात्या झोपलेले, आणि त्यांच्या पोटावर तोंड ठेवून हौशाही झोपलेला. खाली काकूंचं जुनं लुगडं होतं. तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, म्हणून नातीच्या दुपट्यासाठी त्यांनी ते धुऊन ठेवलं होतं.

मग जी खरडपट्टी निघाली ती मी इथे लिहीत नाही. तात्या डोळे चोळत बाहेर आले आणि मान खाली घालून उभे राहिले. काकूंनी वाकून लुगडं ओढलं. हौशा गुरगुरला नाही. मुकाट उठला, बाजूच्या फळीवर सरकला आणि शेपूट हलवत काकूंकडे बघत राहिला. काकूंच्या हातात लुगड्याचा काठ तसाच राहिला. कुत्रा तात्यांचा, असं सगळे म्हणायचे. पण त्याला रोज भाकरी घालणारा हात काकूंचा होता. हे त्या स्वतःही विसरल्या होत्या.

"अर्धंच देईन," त्या म्हणाल्या, आणि लुगडं टरकन फाडलं.

हौशा त्या रात्री बाहेर झोपला. तरी काकूंची धास्ती गेली नव्हती. आरती आली त्या दिवशी आदिनाथ गाडी घेऊनच आला आणि तात्या हौशाची साखळी हातात घट्ट धरून उभे राहिले. काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. हौशानं तो आधी खाल्ला. मग पुढे होऊन आरतीच्या हातातल्या दुपट्याचं लोंबतं टोक हुंगलं; उरलेल्या अर्ध्या लुगड्याचं ते दुपटं काकूंनी आधीच आरतीकडे पाठवलं होतं. त्यानं पुन्हा हुंगलं, शेपूट हलवली आणि आरतीच्या पायाशी बसला.

"साखळी सोडा," काकू म्हणाल्या. "त्याला कळलं, लेकरू घरचं हाय."

आदिनाथची गाडी सुप्याला रिकामीच गेली. संध्याकाळी मी बाळाला बघायला गेले, तेव्हा तात्या काकूंच्या मागे मागे फिरत होते.

"त्या लुगड्याचा एखांदा तुकडा ऱ्हायला का गं?"

"आता कशाला?"

"माझ्या उशाला," तात्या म्हणाले. "खाटंखाली कुनीच न्हाई आता."

काकू उठल्या आणि सुईदोरा शोधू लागल्या.