बाबांच्या छातीतले पहारेकरी

मी इथे अल्बनीत हसलो की शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉटनी डाउन्समधली कुत्री भुंकतात, असं आमच्या मराठी मंडळातले लोक सांगतात. अतिशयोक्ती आहे. एकच कुत्रा भुंकतो. पण बोलण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही, म्हणून बाबांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी हॉस्पिटलने मराठी दुभाषा देऊ केला तेव्हा मी नको म्हटलं. घरचा माणूस असताना परका कशाला?

बाबांनी तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्याची सिक्युरिटी सांभाळलेली. त्यामुळे शरीराची राखण करणाऱ्या टी-पेशी त्यांना माझ्याआधी कळल्या. "म्हणजे रक्तातले वॉचमन. आणि हे औषध त्यांना जागं करणार."

"तस्संच!" मी म्हणालो आणि वर पदरच्या दोन तोफा नि एक घोडदळ जोडून दिलं. बाबा खूश.

चौथ्या डोसनंतर डॉक्टरीणबाईंनी स्कॅन आणि तपासणीचा रिपोर्ट समोर ठेवला. बोलल्या हळू, बाबांकडे बघत. टी-पेशी गाठीपर्यंत पोचल्यात, पण कडेलाच थांबल्यात. गाठीच्या शेजारच्या पेशी मुळात साध्या, शरीराच्याच. पण त्या आता गाठीच्या बाजूने झाल्यात. काहींनी तंतूंची भिंत घातलीय, काही टी-पेशींना सतत गप्प राहण्याचे निरोप देतायत. औषधाचा उपयोग झालेला नाही. हाताशी काही महिने आहेत. भारतात जायचं असेल तर आत्ताच. पुढे विमान झेपणार नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

"वॉचमन गेटवर पोचलेत. शेजाऱ्यांनी जरा गप्पांत गुंतवलंय, इतकंच. येतील ताळ्यावर."

"मग पुण्याला कधी?" पुण्यात त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, नव्वदीला टेकलेली. तिला एकदा भेटायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"दिवाळीला. ठणठणीत होऊन."

"त्यांना समजलं ना?" बाईंनी विचारलं.

"स्वीट अ‍ॅज," मी इथल्या बोलीत म्हणालो, म्हणजे एकदम झकास. बाई हसल्या नाहीत.

सहा आठवड्यांनी बाबांना दारापासून गाडीपर्यंत चालवेना. अ‍ॅडमिट केलं. वॉर्डात नाशिकची एक नर्स होती. बाबांनी तिला विचारलं, दिवाळीच्या विमानात ऑक्सिजन मिळतो का. ती पोर गडबडली. "काका, तुम्हाला घरी काही सांगितलं नाही का?"

दुपारी मी मऊ भाताचा डबा घेऊन गेलो. बाबांनी तो उघडला नाही.

"तीस वर्षांत," ते म्हणाले, आणि थांबून श्वास घेतला, "चोराने माझा एकही माणूस फोडला नाही. फोडायचा समोरचा टपरीवाला. चांगला माणूस. थंडीत चहा आणून द्यायचा. बसा हो, म्हणायचा, काही होत नाही."

मी डब्याचं झाकण बघत राहिलो.

"त्याच्यावर मी कधी ओरडलो नाही. चहा खरंच चांगला असायचा." मग विचारलं, "विमान?"

"नाही, बाबा." आयुष्यात एवढं छोटं उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

"तिला फोन लाव. स्पीकरवर. माझ्यासमोर सांग. सजवू नकोस."

पुण्यात सकाळ होती. "काय रे, येताय ना?" आत्या ओरडली. "गाद्या उन्हात टाकल्यात."

"आत्या, बाबा येणार नाहीत. औषध चाललं नाही. आता प्रवास होणार नाही त्यांच्याच्याने."

बाबा माझं एकेक वाक्य तपासत होते.

"तुला कधी कळलं?"

"सहा आठवडे झाले."

"तेव्हा येऊ शकला असता तो?"

बाबांनी नजर हटवली नाही. "हो," मी म्हणालो.

मग आत्या म्हणाली, "त्याला दे."

बाबांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. दोघं बराच वेळ एकमेकांचा श्वास ऐकत राहिली, आणि मी फोन धरून उभा होतो.