हौसाक्काच्या गोठ्यामागचा तुकडा

"सर, डोंगराला आग लागलीय. वारा वाडीकडं आहे," मी रेंजर साहेबांना फोनवर सांगितलं.

त्यांनी एकच विचारलं, "जाळरेषा कम्प्लीट आहे ना?"

"होय सर," मी म्हणालो. खोटं बोललो.

मी वनरक्षक, लोकांच्या तोंडी गार्ड. पन्हाळ्याच्या बाजूची ही दहा-बारा घरांची वाडी माझ्या बीटात होती. जाळरेषा म्हणजे डोंगर आणि वस्तीच्या मध्ये काढलेला रुंद पट्टा. जानेवारीत त्यातलं गवत कापायचं, उरलेलं आपणच जाळायचं. मग मार्चमध्ये वणवा आला की त्याला पुढं खायला काही मिळत नाही. नवं गवत जोमानं फुटतं म्हणून दरसाल कुणीतरी डोंगराला काडी लावायचंच.

त्या वर्षी पट्टा हौसाक्काच्या गोठ्यामागून जाणार होता. एकटी बाई, एक म्हैस. कापलेल्या गवताची गंज रचायला जागा नाही, म्हशीला लागेल तसं कापून नेईन, तेवढा तुकडा राहू दे, म्हणाली. सहा वर्षं मी तिच्या सोप्यात बसून ताक प्यालो होतो. भीड पडली. तुकडा सोडला आणि रिपोर्टमध्ये काम पूर्ण लिहिलं.

फोन ठेवून मी आणि वाडीतली माणसं हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत होतो. पट्ट्यापाशी ती सगळीकडं थांबली. फक्त त्या तुकड्यातून थेट गोठ्यात शिरली. म्हैस हिसके देत होती, दाव्याची गाठ आवळलेली आणि हौसाक्का नखांनी ती सोडवत बसलेली. मी कोयत्यानं दावं तोडलं. तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. म्हैस आमच्या आधी बाहेर पडली. मागं छप्पर खाली आलं.

संध्याकाळी पंचनामा झाला. आग इथवर आली कशी, साहेबांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हौसाक्का म्हणाली, "वारं फिरलं, सायब."

मला फार लाज वाटली. "नाही सर, मीच पट्ट्यातला तुकडा सोडला होता," मी म्हणालो. साहेबांनी मेमो दिला. वर म्हणाले, "पुढच्या वर्षी तुमच्या आईचं गवत असलं तरी कापायचं."

पुढच्या जानेवारीत मजूर घेऊन गेलो, तर तो तुकडा आधीच साफ. हौसाक्का विळा घेऊन शेजारच्याच्या कुंपणाशी उभी होती, त्यानंही गवत कापावं म्हणून त्याच्याशी भांडत. मला म्हणाली, "गेल्या साली माझं ऐकलासा. औंदा कुणाचंबी ऐकू नगा."

आता रिटायर होऊन शिवाजी पेठेत राहतो. ऊन तापायला लागलं की त्या वाडीची, सोप्यातल्या त्या ताकाची फार आठवण येते. एवढ्या नोकरीत शिकलो ते इतकंच, की वाईटपणा घ्यायचा तर जानेवारीत घ्यावा. मार्चमध्ये घेऊन उपयोग नसतो.