कुंकू लावलं की टॅब बंद

बायको गेली आणि मुलगा मला भोसरीच्या खोलीतनं उचलून वाकडला घेऊन आला. सून कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. दिवसभर घरात मी एकटा, फोन लावताना आकडे चुकतात, म्हणून तिनं माझ्यापुरता एक टॅब तयार करून दिला. मोठमोठी बटणं: मुलगा, सून, डॉक्टर. बोट लावलं की फोन लागतो. वर बायकोचा फोटो. तो मीच मागून घेतला होता.

बायको सवाष्ण गेली. अशा बाईच्या फोटोला आमच्यात कुंकू लावतात. भिंतीवरच्या फोटोला लावतो तसं टॅबवरच्यालाही लावलं. टॅब फटकन बंद! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"अप्पा, टॅबला कुंकू?" सून हसत सुटली. मग कॉम्प्युटर उघडून बसली आणि एकदम कपाळावर हात मारला.

"चूक माझीच. बटण काय, फोटो काय, स्क्रीनवरची सगळी एकाच घराण्यातली. बोट लागलेलं कळणं हे वारशानं सगळ्यांनाच मिळतं. पण फोन नंबर फक्त बटणाकडं असतो. मी मात्र ज्याला बोट लागलं ते बटणच, असं धरून नंबर मागत होते. फोटो कुठनं देणार? मग सगळंच कोलमडतं."

"म्हणजे मी कारखान्यात टर्नर होतो म्हणून नुसतं आडनाव बघून माझ्या भावालाही लेथ मशीनवर उभा केला म्हण की. भजनी माणूस तो, बोटं तोडून घेईल."

"अगदी तसंच!"

मुलगा सोफ्यावरनं म्हणाला, "फोटोच काढून टाक ना, कटकट मिटली."

"काढ. मग टॅब पण घेऊन जा," मी म्हणलं. आवाज जरा फाटलाच. मुलानं मोबाईलमध्ये डोकं घातलं.

सुनेनं फोटो काढला नाही. आता बोट लागलं की प्रोग्रॅम आधी विचारतो, तू बटण आहेस का? असेल तरच नंबर मागतो.

"आणि फोटोला लागलं तर काय व्हावं, अप्पा? आईंचा आवाज आहे माझ्याकडं, एका मेसेजमधला. तो लावू?"

मी टॅब मांडीवर ओढून घेतला. मग म्हणलं, "नको पोरी. ती बोलायला लागली तर मी दिवसभर तिथंच बसंन. काहीच होऊ नये. नुसती जाऊ नये, बास."

"मग तर काही लिहायलाच नको."

सकाळी कुंकू लावलं. बायको जागच्या जागी. मागनं सून ओरडली, "अप्पा, चिमूटभर लावा ओ, सोफ्यावर सांडतंय!"