हळदीच्या बनियनला सातवं पोरगं पाहिजे

मित्रांनो, आत्ताच वसमतच्या मैदानावरून आलोय. जीव थाऱ्यावर न्हाई.

आपल्या फुटबॉल टीमनं विकतची जर्सी कधी घातली न्हाई. पांढऱ्या बनियना हळदीत रंगवायच्या. मी खेळायचो तेव्हा मोंढ्यात हळदीची पोती उचलायचो, म्हणून हळद आणायचं काम माझ्याकडं. घामानं रंग सुटायचा. समोरच्यानं आपल्या पोराला धरलं, की त्याचेच हात पिवळे. पंचाला वेगळं काय सांगायचं?

आज मॅचला सहाच पोरं आली. सात असल्याबिगर पंच खेळ सुरू करत न्हाई. शेवटी मीच बनियन चढवायला लागलो. आपले जुने गोलकीपर सलीमभाई, टीम आता तेच चालवतात, हसून म्हणाले, "शेठ, गोलात उभे राहा. पोटानंच अडंल."

बनियन खांद्याखाली उतरेना. पंचानं मॅच समोरच्यांना देऊन टाकली.

बनियना गोळा करताना सलीमभाई स्वतःशीच पुटपुटले, "बस झालं आता. टीम बंद." माझे कान तिखट, मी ऐकलं.

हातापाया पडून त्यांच्याकडून एक रविवार मागून घेतलाय. हळद भिजत घातली आहे. सातवं पोरगं कुणाच्या घरातून येतंय?