आईचा मिक्सर आणि दादाचं रॉकेट

आमच्या दादाचं जन्मभराचं वैर एकाच वस्तूशी होतं. आईच्या मिक्सरशी.

अमरावतीच्या घरी तो रेडिओवर मॅच लावायचा. शेवटची ओव्हर आली की आई नेमकी शेंगदाण्याची चटणी वाटायला घ्यायची.

रेडिओत नुसती खर्रर्र.

"आई, बंद कर नं वं!"

"कावून? तुया मॅचपायी उपाशी राहू का आमी?"

मी आणि शैला, त्याच्या दोघी बहिणी, हसून लोळायचो. तेव्हा आमचं पटायचं.

पुढे दादा रॉकेटवाल्यांकडे इंजिनिअर झाला. रॉकेटच्या पोटातली यंत्रं एकमेकांच्या कामात खरखर करत नाहीत ना, हे त्याने तपासायचं. खात्याचं नाव इलेक्ट्रोमॅग्नेटिक कॉम्पॅटिबिलिटी. कॉन्व्हेंटमध्ये मी त्यातल्या शब्दांचं स्पेलिंग घोटलं होतं, पण कॉम्पॅटिबिलिटी म्हणजे एकमेकांशी पटणं, हा अर्थ दादामुळे कळला.

"म्हंजे मिक्सरच," आई म्हणाली. "यासाठी इतका शिकला?"

"आई, एकेक यंत्र एकटं तपासलं तर शहाणंच असते. सगळे एकदम सुरू केले का मंग कळते. एकाच्या खरखरीत दुसऱ्याले भलताच हुकूम ऐकू आला, तर रॉकेट गेलं!"

"मंग हे लग्नाआधी कावून नाई तपासत रे?"

आतून वहिनी खो खो हसली.

आई गेली आणि माझं-शैलाचं बिनसलं. ती अकोल्यात, मी इथे अमरावतीत. एकेकट्या दोघीही शहाण्या. एका घरात आलो की चहात साखर किती, इथूनच सुरू. मग येणं-जाणंच थांबलं.

दादा दवाखान्यात होता तेव्हा पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून, त्याने कोणाचा डबा खायचा यावर आम्ही भांडलो.

डोळे न उघडता तो म्हणाला, "अर्थिंग द्या रे कोणी या दोघींले."

नर्ससुद्धा हसली.

"आयका. रेडिओ शैलाले. मिक्सर हिले. अन् वर्षातून एकदा दोन्ही एकाच घरात सुरू करायचे."

ते त्याचं शेवटचं टेस्टिंग.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. शैला सकाळीच रेडिओ पोटाशी धरून आली. तिने तो लावला. मी मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकून बटण दाबलं.

खर्रर्र.

"बंद कर नं वं!" शैला ओरडली.

"कावून?" मी म्हटलं.

मग हसता हसता दोघींनाही रडू फुटलं. चहा झाला. साखर जास्तच होती. दोघींनीही कप रिकामे केले.

दादा, रेडिओ फेल. आम्ही पास. आता निवांत राहा रे.

रेडिओ शैलाकडेच राहील, मिक्सर माझ्याकडे.

चटणी वहिनीला.