मामांच्या दोन पिशव्या

मामांच्या उजव्या हाताची बोटं पिवळी दिसली की गावानं ओळखायचं, आज कुणाला तरी शब्द दिलेला आहे. ते माझ्या आईचे थोरले भाऊ, पण अख्खा मतदारसंघ त्यांना मामाच म्हणायचा. आमच्याकडं उमेदवाराच्या भाषणावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि जाहीरनाम्यावर तर स्वतः उमेदवारही ठेवत नाही. शब्द घ्यायचाच असेल तर भंडारा उचलायला लावतात. देवीपुढची हळद मुठीत घेऊन बोललेलं मोडलं तर वंश बुडतो, अशी श्रद्धा. त्यासाठी मामांच्या खिशात कायम भंडाऱ्याची पिशवी असे. खरं तर दोन.

उजव्या खिशातली हळद येरमाळ्याच्या येडेश्वरीची. डाव्या खिशातली किराणा दुकानातली, आमटीत घालायची. कार्यकर्त्यांना शपथ द्यायची ती उजवीकडची, स्वतः घ्यायची ती डावीकडची. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, म्हणून बहुधा त्यांनी ही व्यवस्था मला विश्वासानं समजावून सांगितली. "म्या देवीला लई भितो, भाच्या. तिच्या नावानं खोटं बोलायचं न्हाय. म्हणून तर घरची हळद."

"मग कार्यकर्त्यांनाही घरचीच द्या की," मी म्हणालो.

मामा दुखावले. "आन् ते फुटले तर? मानसात जरा तरी इमान नको का?"

लाचेचा त्यांना मनापासून तिटकारा होता. विरोधकानं साड्या वाटल्या की ते पारावर उभं राहून तासभर लोकशाहीच्या नावानं गळा काढत. त्याच वेळी मागच्या गल्लीत त्यांची माणसं साड्या वाटत असत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यानं दिली तर लाच. म्या मामा हाय. मामानं भाचीला साडी दिली तर त्याला चोळी-बांगडी म्हंत्यात." विजयाचे फटाके ते तेरखेड्याहून निकालाच्या आधीच आणून ठेवत. हरले तर तेच फटाके जिंकलेल्या उमेदवाराला विकत, वर चढा भाव लावत. पराभव इतक्या खिलाडूपणे पचवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

या घरात मामी कशा टिकल्या, हे एक नवलच. त्यांना खोटं बोलताच येत नसे. नको असलेला माणूस दारात आला की मामा आतून खुणा करत, "न्हाय म्हण." मामी बाहेर जाऊन शांतपणे सांगत, "हायत घरात. पर न्हाय म्हणून सांग म्हणाल्यात." मामा मग धोतर सावरत बाहेर येऊन त्या माणसाला चहा पाजत.

एकदा पंचायत समितीचं सभापतिपद मामांच्या हाताशी आलं. बहुमताला थोडी माणसं कमी पडत होती आणि ती लिंगाप्पांकडं होती. लिंगाप्पा म्हणजे अडत दुकानदार, मामांचे लहानपणापासूनचे मित्र. निम्मी मुदत मामा, निम्मी लिंगाप्पा, असं ठरलं. रिवाजाप्रमाणे सगळे सदस्य सहलीला गेले, समुद्र बघून आले आणि लोकशाही सुखरूप परतली. मतदानाआधी दोघांनी समोरासमोर भंडारा उचलला. लिंगाप्पांनी उजव्या पिशवीतला. मामांनी अर्थातच डाव्या.

निम्मी मुदत सरली तेव्हा लिंगाप्पा घरी आले. मी तिथंच होतो. मामा म्हणाले, "लोकांनी मला निवडलंय, लिंगाप्पा. खुर्ची जनतेची असती. ती म्या तुला परस्पर कशी देऊ?"

लिंगाप्पांनी पुढ्यातला चहा बाजूला सारला. "आबा, खुर्चीचं न्हाय वाटत," ते म्हणाले. मामांना आबा म्हणणारे गावात ते एकटेच. "दुसऱ्यानं केलं असतं तर चाललं असतं." आणि चहा तसाच ठेवून ते निघून गेले.

आम्ही जेवायला बसलो. मामांची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, आत झोपली होती. मामी भाकरी वाढत म्हणाल्या, "तुमी भंडारा उचलला त्या दिवशी घरातली हळद सरली होती. म्या दोन्ही पिशव्यात देवीचीच भरली होती."

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी एकदा मामींकडं पाहिलं, एकदा आतल्या खोलीकडं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आले.

मग काय विचारता! 'शब्दाचा पक्का माणूस' असे फ्लेक्स ढोकीपर्यंत लागले. ठिकठिकाणी सत्कार झाले. राजकारणात प्रामाणिकपणा कसा जपावा यावर मामा इतकं बोलले की ऐकून मलाच क्षणभर खरं वाटलं. लिंगाप्पा मात्र पुन्हा संध्याकाळचे येऊन ओट्यावर बसू लागले.

शेवटच्या आजारात एका दुपारी मामांनी मला जवळ बोलावलं. "तुझी मामी त्या दिवशी खोटं बोलली," ते म्हणाले. "दोन्ही पिशव्यांचा वास म्या ओळखतो रं. डावीकडं किराण्याचीच हळद होती."

"मग राजीनामा का दिलात?"

"खाली मान घालून बोलत होती ती. उभ्या जन्मात माझ्याशी तशी बोलली न्हाय." त्यांना धाप लागली. "माझ्यापायी तिला खोटं बोलाया लागलं. ते तरी वाया जाऊ द्यायचं का? तिला सांगू नको."

मामा गेले. शोकसभेला सगळे पक्ष हजर होते. सकाळी एका पक्षात आणि दुपारी दुसऱ्या पक्षात असलेले एक साहेबही शब्दाच्या पावित्र्यावर गहिवरून बोलले. मी मागं बसून रडलो. लबाड माणूस होता, पण माझा होता, आणि त्याच्यावाचून आजोळ ओस पडलं आहे.

दरवर्षी चैत्रात मी मामींना येरमाळ्याला नेतो. देवीपुढं त्या कान धरून उभ्या राहतात. "खोटं बोलले गं आई, पदरात घे," म्हणतात. बाजूला अर्ज भरायला निघालेले उमेदवार हार-नारळ घेऊन उभे असतात. त्यांना माफी मागण्यासारखं काही आठवत नाही.

पायऱ्या उतरताना मामी दरवेळी तेच बोलतात. "तुझ्या मामाला म्या फसवलं रं. लई भोळा माणूस. लगेच खरं मानलं."

मी 'व्हय' म्हणतो आणि त्यांच्या चपला पुढं ठेवतो.